तिसऱ्या खिडकीवरची रेघ

९ तारीख, सोमवार

कंदीलबाई,

अकरा वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामाचं, म्हणून राग मानू नकोस. मायेचं लिहायला बसलो असतो तर आणखी अकरा वर्षं गेली असती. तुझा पत्ता तुमच्या यंत्राच्या खोक्यावर चिकटवलेला होता, तो उतरवून घेतला. तुझ्या आईकडे तो आहे हे मला ठाऊक आहे. दर रविवारी ती पदराआड फोन घेऊन कपडे आणायला गच्चीवर जाते आणि अर्ध्या तासाने एकच टॉवेल घेऊन खाली येते. ती सांगत नाही, मी विचारत नाही.

तर काम असं. एकवीस तारखेला जकातघराच्या दर्शनी भिंतीवर तुमचा प्रकाशाचा खेळ. शहरभर फलक लागलेत, खाली तुझं नाव. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. इमारतीच्या चाव्या समितीने माझ्याकडे ठेवल्यात, कारण कुठलं दार कुठल्या बाजूने रुसतं हे दुसऱ्या कुणाला कळत नाही. रोज संध्याकाळी तुमचा तो चष्मेवाला येतो, चौकापलीकडच्या लोखंडी मनोऱ्यावर चढतो आणि यंत्र लावतो. माणूस गुणी आहे. मला बसायला स्टूल देतो.

परवा पहिल्यांदा त्याने भिंतीवर पांढऱ्या रेघांचं जाळं टाकलं. प्रत्येक खिडकीला, प्रत्येक कंगोऱ्याला आपापली रेघ. चाळीस वर्षं मी गुण्या आणि दोरी घेऊन फिरलो, पण अशी धार माझ्या हातून कधी आली नाही. तो म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी भिंतीची मापं घेऊन गेले आणि तू तिकडे बसून त्या मापावर चित्रं रचलीस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तुझ्या शेळ्या सरळ चालतात, हे कबूल करायला हवं.

एकच रेघ बसत नाही. घड्याळाच्या डावीकडे, वरच्या मजल्यावर, तिसऱ्या खिडकीच्या माथ्यावरचा दगडी कंगोरा. तिथली रेघ एक सूत, इंचाचा जेमतेम आठवा भाग, खाली पडते. चष्मेवाला म्हणाला, "मनोरा जरा बसला असेल, काका. चित्र ओढून घेतलं की झालं." त्याने दोन बटणं दाबली आणि रेघ बसली.

तेवढे मनोऱ्याचे बोल्ट कसून घ्यायला सांग. बाकी इथे सगळं ठीक आहे. भिंतही ठीक आहे.

तुझे बाबा


१२ तारीख, गुरुवार

कंदीलबाई,

बोल्ट कसले. पाना मीच धरला होता, तेव्हा ते ढिले राहिले असतील असं म्हणायची सोय नाही. आज रेघ पुन्हा खाली. मूळ मापापासून आता दोन सूत.

मी चष्मेवाल्याला विचारलं, "मनोरा हलला तर सगळ्या रेघा हलायला पाहिजेत. बाकीच्या वीस खिडक्या गुण्यात आहेत, मग हीच एकटी का नाचते?"

"भिंगाच्या कडेला होतं असं कधी कधी."

"ही खिडकी कडेला कुठे आहे? घड्याळाला लागून तर आहे."

तो हसला. "काका, तुम्ही नको तेवढं बघता."

मग पुन्हा दोन बटणं आणि पुन्हा सगळं छान. पोट सुटत चाललेल्या माणसाचा शिंपी कसा, काही न बोलता दर वर्षी सदरा सैल करून देतो? तसं चाललंय. रोज चित्राला भिंतीच्या मापाने बेतायचं. भिंत का बदलली, हे कुणी विचारत नाही.

तू हुशार आहेस, तरी लिहितो. उजेड मनोऱ्यावरून खालून वर जातो. भिंत पुढे आली की तो तिला जरा आधी आणि जरा खाली गाठतो. म्हणजे रेघ दोन सूत उतरली, तर भिंत त्याहून जास्त पुढे आलेली असणार.

भिंतीच्या पायाशी माणसाच्या उंचीचे दोन कर्णे ठेवलेत. परवापासून आवाजाची तालीम सुरू झाली. तो ढोलासारखा आवाज झाला की वरच्या काचा थरथरतात आणि माझ्या दाढेत कळ येते.

पाणी मुरलं असेल. त्या कंगोऱ्यामागे कुणी काय भरून ठेवलंय कुणास ठाऊक. जुनी इमारत आहे, हजार हात लागलेत. तू तुझ्याकडची मूळ मापं एकदा बघ.

बाबा


१५ तारीख, रविवार

कंदीलबाई,

आज तुझी आई टॉवेल घेऊन खाली आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची दोन्ही पत्रं पोचली."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, त्या कंगोऱ्यामागे काय भरलंय हे बाबांना ठाऊक नसेल तर कुणाला असणार?"

ती टॉवेलची घडी घालत राहिली. एका टॉवेलच्या किती घड्या घालणार? मग म्हणाली, "मी काय टपालपेटी आहे दोघांची? अकरा वर्षं हिचंही पोटात ठेवायचं आणि तुमचंही. तुम्हाला भिंतीशी तासन्‌तास बोलता येतं. पोरीशी बोलताना जीभ कुठे जाते?"

तर ऐक. कुणी काय भरलं ते मला ठाऊक आहे.

तिसऱ्या खिडकीचा कंगोरा तेव्हा, अकरा वर्षांपूर्वीच्या डागडुजीत, सैल निघाला होता. दगड उतरवायचे, भिंतीच्या पोटात खोल जाणारे लांब दगड आडवे घालून त्यांना बांधून घ्यायचं, चुन्यात पुन्हा बसवायचं आणि चुन्याला त्याच्या कलाने सुकू द्यायचं. चाळीस दिवसांचं काम. उद्घाटनाचा समारंभ आठ दिवसांवर आला होता. मी दगड हलवले नाहीत. फटीत सिमेंट कोंबलं, वरून गिलावा केला आणि दगडाच्या रंगाचा हात फिरवला. चुन्याची भिंत श्वास घेते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं, पाणी आत अडकलं. हे मी इतरांना शिकवत आलो होतो.

पुढचं तुला पाठ असेल. संध्याकाळी परांचीवर तू कंदील घेऊन आलीस. बॅटरीचा उजेड डोळ्यात घुसतो, कंदिलाचा भिंतीवर लोळतो, असं मीच तुला सांगितलं होतं. लहान असल्यापासून तू कंदील भिंतीला लावून धरायचीस आणि उंचवट्यांच्या सावल्या मला वाचून दाखवायचीस. त्या दिवशीही धरलास आणि म्हणालीस, "बाबा, इथे भिंतीला पोट आहे." खाली अध्यक्ष उभे होते, समिती उभी होती. मी वरून ओरडून म्हणालो, "हिला कंदील धरता येतो, भिंत वाचता येत नाही."

सगळे हसले. तू कंदील फळीवर ठेवलास आणि उतरलीस. चौथ्या दिवशी तुझी खोली रिकामी होती.

मला तेव्हा पोट दिसलं नव्हतं, पोरी. घाईत होतो. दिसलं असतं तर बोललो असतो.

बाबा


१८ तारीख, बुधवार

कंदीलबाई,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. तू परांचीवर चढायच्या आधीच मी ते पोट पाहिलं होतं. हाताने चाचपलंही होतं. थापीचा दांडा ठोकून बघितला, तर आवाज बद्द आला. मला ठाऊक होतं, म्हणून तर एवढ्या जोराने ओरडलो. ठाऊक नसतं तर म्हणालो असतो, बघू, कुठे?

हे लिहायला तीन दिवस लागले. मधल्या काळात रेघ चार सुतांवर गेली.

आज अध्यक्षांकडे गेलो. तेच अजून अध्यक्ष आहेत. म्हटलं, "साहेब, तिसऱ्या खिडकीखाली माणसं बसवू नका."

"का बरं?"

"ओल आहे."

"ओलीने माणसं मरतात होय, मिस्त्री?" ते हसले. "तुम्हीच बांधलंय ना ते? शंभर वर्षं बघायला नको, असं तुम्हीच म्हणाला होता. दाराशेजारच्या पाटीवर तुमचं नाव कोरलंय. आता पाटीचं ऐकू की तुमचं?"

पुढचं वाक्य जिभेवर होतं. जिभेवरच राहिलं. चाळीस वर्षांत मिळवलेलं नाव एका वाक्यात उतरतं, आणि मला ते उतरवता आलं नाही. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

बाहेर सुतार ओटा ठोकत होते. विचारलं, कशाचा? म्हणाले, शाळेतली साठ मुलं गाणार आहेत, त्यांचा. ओटा बरोबर तिसऱ्या खिडकीखाली. तिथून घड्याळही फोटोत येतं म्हणे.

मी वर बघितलं. मधे चाळीस फूट हवा, आणि तिच्यावर माझं काम.

चष्मेवाला उद्या पहाटे भिंग बदलून आणायला तुझ्याकडेच निघालाय. हे पत्र त्याच्या हाती देतोय. तुझं ऐकतील. चित्र ओढून घेऊ नका म्हणून सांग. मूळ मापाचं जाळं टाक आणि रेघ जिथे होती तिथेच राहू दे. सगळ्यांना दिसेल. मग मला बोलायची गरजच उरणार नाही.

तीन दिवस आहेत.

बाबा


२० तारीख, शुक्रवार, दुपार

कंदीलबाई,

काल गुरुवार असूनही तुझी आई गच्चीवर गेली. टॉवेल न घेताच परत आली. म्हणाली, "तिने आवाजाची तालीम थांबवली आहे. आणि विचारलंय, बाबांनी ओळंबा लावला का?"

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्या एकटीच्या सांगण्यावर ती समिती विश्वास ठेवणार नाही. मागेही ठेवला नव्हता."

मग तिने माझ्यासमोर लाकडी पेटी आणून ठेवली. ओळंब्याच्या दोरीला टांगायची पितळी कवडी घासून लख्ख केली होती. कधी घासली कोण जाणे.

खरं सांगतो, अकरा वर्षांत त्या भिंतीवर मी ओळंबा सोडला नाही. शेजारच्या भिंतींवर सोडला, मागच्या बाजूला सोडला. तिथे नाही. दोरी कधी खोटं बोलत नाही, म्हणून.

आज सकाळी अकरा वाजता, भर चौकात, गच्चीच्या कठड्यावरून दोरी सोडली. खाली समिती खुर्च्यांच्या रांगा मोजत होती. दोरी सरळ उतरली, तिसऱ्या खिडकीच्या कंगोऱ्यावर टेकली आणि तिथून खाली भिंतीपासून सुटून लोंबत राहिली. खिडकीतून वाकून पट्टी लावली. बारा सूत. दीड इंच.

खाली आलो तर सगळे वर बघत उभे. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "मिस्त्री, ही दोरी अशी हवेत का?"

"भिंतीला पोट आलंय."

"कुणाचं?" असं म्हणून तो स्वतःच हसला.

"माझं," मी म्हणालो. "अकरा वर्षांचं आहे."

मग बोललो. कर्ण्याला टेकून बोललो. म्हटलं, हे काम बिघडलं नव्हतं, मी बिघडवलं होतं. चुन्याऐवजी सिमेंट मी कोंबलं. माझ्या मुलीने त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही हसलात, कारण मी तुम्हाला हसवलं.

पहारेकरी हळूच म्हणाला, "मीपण हसलो होतो तेव्हा."

अध्यक्षांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण माणूस पक्का. म्हणाले, "अकरा वर्षं पडलं नाही, ते उद्या एका तासात पडेल? पाहुणे निघालेत, मिस्त्री. पोरं महिनाभर गाणं घोकतायत. ओटा हवा तर चार हात सरकवू."

"चाळीस फुटांवरून दगड येतो तेव्हा चार हात बघत नाही."

"पडेलच याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही. कदाचित पडणारही नाही. असं करू, साहेब. ओट्यावर खुर्ची टाकून तुम्ही बसा. मी कर्णेवाल्यांना आवाज पूर्ण लावायला सांगतो. एकच गाणं."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग वर बघितलं. मग घड्याळाकडे, हातातल्या.

"दोरखंड बांधा," ते म्हणाले. "पन्नास फुटांवर. मुलं चौकाच्या पलीकडे गातील." जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाटीचं काय करायचं ते नंतर ठरवू."

पाटी मी दुपारीच उतरवली. चार खिळे होते. तीन मुकाट्याने निघाले, चौथ्याने तेवढं रडगाणं केलं.

उद्या तू येणार. घरी ये असं म्हणत नाही. भाजी तुझ्या आईने आजच निवडून ठेवलीय, एवढं कळवतो.

बाबा


२२ तारीख, रविवार

कंदीलबाई,

काल तू मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी होतीस आणि मी दोरखंडाजवळ, हातात चाव्यांचा जुडगा. काय बोलायचं ते घरून घोकून आलो होतो. तू चालत आलीस आणि विचारलंस, "किती?"

"बारा सूत."

"चौदा असेल."

"बारा. मी मोजलंय."

"बरं," म्हणालीस आणि वर चढलीस.

अकरा वर्षांनी लेक समोर आली आणि मी तिच्याशी दोन सुतांवरून वाद घातला. तुझ्या आईने कपाळाला हात लावला. मीही लावणार होतो, पण हातात चाव्या होत्या.

खेळ तू बिनआवाजाचा ठेवलास. मुलं पलीकडून गायली तेवढंच. मला वाटलं होतं, लोक कंटाळतील. पण भिंतीवरचे दगड एकेक करून सुटे झाले, हवेत तरंगले आणि पुन्हा रचले गेले. खिडक्यांमागे जुने कारकून गठ्ठे मोजू लागले. पाणी पायऱ्यांपर्यंत चढलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने पाय वर घेतले. माझ्या शेजारचा माणूस बायकोला म्हणाला, "या इमारतीवरून मी रोज जातो. आज पहिल्यांदा बघितली." तो माझं काहीतरी चोरून नेतोय असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं.

मग शेवटी सगळं विझवलंस. फक्त जाळं ठेवलंस, मूळ मापाचं. वीस खिडक्यांवर रेघा जागच्या जागी, आणि तिसरीवरची पाच सूत खाली घसरलेली. लोकांना कळेना. तेवढ्यात भिंतीच्या कडेला, भिंतीला चिकटून, एक साधा पिवळा दिवा लागला. त्याचा उजेड भिंतीवरून लोळत गेला आणि पोटाची सावली पार घड्याळापर्यंत पसरली.

अध्यक्ष माझ्या दोन हात पुढे उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. चारशे लोक होते चौकात, आणि कुणी हसलं नाही.

तुला रातोरात पुढच्या गावी निघायचं होतं, हे चष्मेवाल्याने सांगितलं. डबा पोचला हेही सांगितलं. त्यातलं त्याला किती मिळालं ते मी विचारलं नाही.

आज सकाळी परांची बांधून वर गेलो. थापीच्या दांड्याने एकदा ठोकलं. दुसऱ्यांदा ठोकायची वेळ आली नाही. कंगोरा सबंध सुटला आणि खालच्या रिकाम्या ओट्याच्या तीन फळ्या फोडून आत गेला. मी परांचीवर बसून राहिलो. साठपर्यंत मोजता येईल एवढा वेळ.

दगडामागे मूठ जाईल एवढी पोकळी. आत सिमेंटचा गोळा, ओला. त्यावर चार बोटं उमटलेली. तेव्हा घाईत थापी न वापरता मी हातानेच कोंबलं होतं. बोटं लावून बघितली. अजून बसतात.

उद्या चुना भिजवतोय. आडवे लांब दगड शोधून ठेवलेत. या वेळी चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस, समितीला तसं लिहून दिलंय. पाटी नको असंही लिहिलंय. गिलाव्याच्या आधी एका संध्याकाळी भिंत वाचायला कुणीतरी लागेल. मला हल्ली रेघ दिसते, पण सूत दिसत नाही. कंदिलाची काच तुझ्या आईने पुसून ठेवलीय.

आणि एक राहिलं. दगडाला हात लावायच्या आधी ओळंबा पुन्हा सोडला. शुक्रवारी खिडकीतून वाकून मापलं, तेव्हा माझा हात कडेपर्यंतच पोचला होता. आज परांचीवरून बरोबर मधे सोडला, जिथे पोट सगळ्यात जास्त होतं. माझ्या डोळ्यांवर विसंबलो नाही. पट्टी पहारेकऱ्याला वाचायला लावली, दोनदा.

चौदा.

बाबा